‘गेट’चे चाळीस अर्थ

नांदेडला मी स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो. शिकलो मात्र लातूरला, जिथे कळलं नाही तरी चालायचं, पाठ असलं की झालं. ती खोड माझ्यासोबत इकडे आली. माझ्या क्लासमध्ये ‘गेट’ या एका क्रियापदाचे चाळीस अर्थ उभं राहून, हात बांधून म्हणावे लागत. गेट अप, उठणे. गेट ओव्हर, सावरणे. गेट अलाँग, जमवून घेणे. अख्खा वर्ग एका सुरात म्हणायला लागला की माझी छाती फुगायची.

त्यात एक चाळिशीच्या बाई होत्या. नवरा शिंपी, पण त्याची नजर अधू झाली आणि घर यांच्यावर आलं. एका दवाखान्यात रिसेप्शनला जागा होती, तिथे इंग्रजी हवं होतं. एकदा त्यांनी विचारलं, पेशंट आला की काय बोलायचं तेवढं सांगा ना. मी म्हणालो, आधी पाठांतर, मग बोलणं. वर्ग हसला, त्याही हसल्या. खरी गोष्ट अशी की मलाच ते धड सांगता आलं नसतं. समोर माणूस आला की इंग्रजीत माझी बोबडी वळते.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या चेहरा पाडूनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इंग्रजीत थोडं बोलून दाखवा. यांनी हात बांधले आणि ‘गेट’ सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा थांबवलं, तरी या थांबल्या नाहीत, कारण मध्ये थांबायचं नाही असं मीच बजावलं होतं. मग तिथले सगळे हसायला लागले. नोकरी दुसरीला मिळाली.

“सव्वीसपर्यंत बराबर म्हणले, सर. पुढं यादच न्हाई आलं. माझीच गलती हाय.”

चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. वर्ग भरलेला होता, सगळे माझ्याकडे बघत होते. आज लाज वाटते, तेव्हा नुसती भीती वाटली.

“पाठांतर कमी पडलं तुमचं,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, जागेवर उभ्या राहिल्या, हात बांधले आणि सत्ताविसाव्यापासून म्हणायला लागल्या. मी त्यांना चाळीसपर्यंत म्हणू दिलं.