बुजवलेला झरोका

दुरुस्तीवाल्या आत्याच्या दुकानात पाऊल टाकलं की समोरची भिंत आधी अंगावर येते. तिथं ना आरसा, ना कॅलेंडर. खिळ्याखिळ्याला मेलेली यंत्रं टांगलेली. झाकण उडून तोंड वेंगाडलेला कुकर, पार वितळून गेलेला प्लग, सापासारखी कात टाकलेली इस्त्रीची वायर, चमच्याशी भांडून वाकलेलं मिक्सरचं पातं. आत्या त्यांना साक्षीदार म्हणायची. कुणी विचारायला आलं, की उठून त्यातला एक साक्षीदार काढायची आणि समोरच्याच्या हातात ठेवायची.

"गुण दुकानदारानं सांगितले असतील. आता दोष हातात धरून बघ."

खरं तर ती एकाच भावाच्या एकाच लेकीची आत्या. पण ती लेक लहानपणी दुकानात खेळायची, 'आत्या, आत्या' करायची, आणि सगळ्या गल्लीनं तो शब्द उचलला. आता केस पांढरे झालेले बापेसुद्धा तिला आत्याच म्हणतात.

तोलायची तिची एक रीत होती. उजवा तळवा गुणाचा, डावा दोषाचा. दोन्ही हात पुढं धरून ती बोलायची आणि जड होईल तो हात खाली जायचा. बोलणं मात्र रोखठोक. "नॉनस्टिकचा तवा नव्या नवऱ्यासारखा. पहिले सहा महिने कशाला काही चिकटत नाही, मग बघ." एका घरात दोघंच माणसं, त्यांना भांडी घासायचं यंत्र हवं होतं. "यंत्रात भांडी लावायला वाकशील तेवढ्या वेळात घासून पालथी घालशील," म्हणून तिनं वाटेला लावलं. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. घरात कोण कोण? पाणी कसलं? वस्तू बसवणार ती जागा कशी? अनोळखी माणूस असो नाहीतर रोजचा शेजारी, तिन्हीची उत्तरं मिळाली की मगच तळवे पुढं यायचे. तिच्या शब्दावर गल्लीत पंखे फिरत होते, दिवे लागत होते, आणि याचा तिला चांगला ताठा होता.

त्या दिवशी दुपारी, चारचा सुमार असेल, शेजारची टेलरबाई दुकानात आली. गळ्यात टेप, ओठात टाचणी.

"आत्या, मला गिझर घ्यायचाय. गॅसवरचा. तुमच्या भाचीकडं बसवलाय ना, तसलाच."

"टाचणी काढ आधी तोंडातली, गिळशील. घरात कोण?"

"मी, हे, आणि सासूबाई."

"पाणी?"

"नळाचं. मऊ आहे."

"न्हाणी कशी आहे?"

"आहे की एवढीशी. झरोका होता, पण आता त्याचं काय, तुम्हीच नाही का सांगितलं गेल्या थंडीत? प्लास्टिकचं तावदान बसव, कडेनं सिलिकॉन मार, वारं बंद. तसं केलंय. एक मच्छर येत नाही बघा आत."

आत्याचे तळवे पुढं आले होते. ते तिथंच राहिले.

गेल्या थंडीत हे तावदान तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. उजेड येतो, वारं येत नाही, दोष म्हणावा असा काही नाही. भाचीलाही सांगितलं होतं. भाचीनं दुसऱ्याच दिवशी बसवून घेतलं होतं.

आणि दहा दिवसांपूर्वी त्याच भाचीनं फोनवर विचारलं, आत्या, गिझर विजेचा की गॅसचा? भाची पिठाच्या गिरणीत कामाला. घरी येते तेव्हा भुवयांपासून टाचांपर्यंत पांढरी, आल्या आल्या अंघोळ केल्याशिवाय तिला पोरीला जवळ घेता येत नाही. आत्यानं तळवे तोलले. त्या घरातली वायरिंग जुनी, विजेचा गिझर म्हणजे शॉकचं भय. गॅसचा बरा, तीन मिनिटांत कढत पाणी. गॅस जळतो तिथं हवा खेळती लागते, नाहीतर विषारी वायू साठतो, त्याला रंग नाही की वास नाही, हे आत्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक. पण न्हाणीला झरोका होता. लग्नाच्या वेळी तिनं डोळ्यांनी बघितला होता. तोच उघडा झरोका तिच्या डोक्यात बसलेला.

तीन प्रश्न तिनं विचारलेच नव्हते. घरच्या माणसाला काय विचारायचं?

"आत्या? काय झालं हो? तोंड का असं झालं?"

आत्यानं घड्याळ बघितलं. चार वाजून बारा मिनिटं. भाची चारला घरी येते.

जिवंत वायर उलट्या बोटानं चाचपणारी बाई ती, पण फोनवरचं नाव दाबायला तिला तीन प्रयत्न लागले. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

भाचीची पोर. पाच वर्षांची. गालावर तीळ, म्हणून घरात तिला ठिपकी म्हणतात.

"ठिपके, मी आत्याआजी. आई कुठंय?"

"अंघोळीला गेलीय."

"कधी गेली?"

"मी घर काढायला घेतलं तेव्हा. आता झाडपण काढून झालं. पक्षी काढू का?"

"आईचं गाणं ऐकू येतंय का गं तुला?" भाची न्हाणीत गायची, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं.

"मघाशी म्हणत होती. आता फक्त पाणी म्हणतंय."

"जा, दार वाजव. जोरात वाजव. आई म्हणून हाक मार."

छोट्या मुठीचे धपधप आवाज आले. "आई! आई गं! आत्याआजीचा फोन!" मग पुन्हा फोनवर, "बोलत नाही. रुसली का?"

आता आत्याला तोलायला हवं होतं. आयुष्यभर तेच केलं, पण उजव्या हातात काय आणि डाव्या हातात काय, तेच दिसेना. सिलिंडर स्वयंपाकघरात. पोरीला बटण फिरवायला सांगावं? ते घट्ट असतं, मोठ्या माणसाच्या मनगटाला कळ येते. आणि उलटं फिरवलं तर? समोर सलून आहे, तिथं पळ म्हणावं? मधे रस्ता, दुपारच्या गाड्या. इथून पोचायला तिला दहा मिनिटं. दहा मिनिटं भाचीकडं आहेत का?

"ठिपके, नीट ऐक. बाहेरच्या दारात जा. उंबऱ्यावर उभी राहा. रस्त्यावर जायचं नाही. तिथूनच समोरच्या केसवाल्या काकांना ओरडून बोलाव."

"आई म्हणते दारात ओरडायचं नाही."

"आज ओरडायचं. घसा फाटेपर्यंत ओरड."

"काय ओरडू?"

"आई पडली म्हण."

पोर थबकली. "पण... पडली का?"

"म्हण बाळा. पळ."

फोन कुठंतरी ठेवल्याचा टक्क आवाज झाला. मग नुसतं पाणी. सरीसारखं एकसारखं पडणारं पाणी, आणि त्याच्यामागं बारीक फुरफुर. ती गिझरच्या जाळाची फुरफुर, हे आत्याला सांगायची गरज नव्हती. मग लांबून, कापड फाटल्यासारखा, पोरीचा आवाज. "केसवाले काका! आई पडली!"

टेलरबाईनं काही न विचारता स्कूटर काढली होती. तावदानाचं ती स्वतःच बोलली होती, तेवढ्यावरून तिला पुढचं कळलं होतं. आत्या मागं बसली, एका हातानं टेलरबाईचा खांदा धरलेला, दुसऱ्यानं फोन कानाला घट्ट दाबलेला. फोनमधून खुर्ची पडल्याचा आवाज आला. बाप्याचा आवाज, "कुठं? न्हाणी कुठं?" धाडकन काहीतरी. पुन्हा धाडकन. मग कुणाचा तरी पाय पडला असावा, फोन गप्प झाला.

पुढच्या वाटेत तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. चार दिवसांपूर्वी भाची म्हणाली होती, आत्या, अंघोळ केली की डोकं जड होतं. आत्या म्हणाली, पित्त असेल, वेळेवर जेवत जा. परवा म्हणाली, पाय लटपटतात. आत्या म्हणाली, दिवसभर उभी असतेस, दुसरं काय होणार. यंत्र असं कुरकुरलं असतं तर तिनं त्याच दिवशी खोललं असतं.

चौकात गाड्या अडल्या तेव्हा आणखी एक आठवलं. दाराखालची रबरी पट्टी. झुरळं येतात म्हणून भाची रडत होती, तेव्हा न्हाणीच्या दाराला खालून पट्टी मारायला तिनंच सांगितलं होतं. वरून झरोका बंद, खालून फट बंद. दोन्ही सल्ले चांगले. एकेकटे सोन्यासारखे. डबा कसा हवाबंद करावा ते तिनं शिकवलं, आणि मग त्यात आपलीच पोर ठेवली.

"थोडं हाण गं पुढं!"

"उडवू का आता स्कूटर?" टेलरबाई ओरडली.

दारात गर्दी होती. टेलरबाईनं काखेत हात घालून आत्याला उतरवलं. गर्दीत एक माणूस अर्ध्या तोंडाला फेस लावून उभा, अर्धी दाढी झालेली. तो आत्याला बघून म्हणाला, "वाट द्या, वाट द्या, घरचं माणूस आलं," आणि आत्याला वाटलं, हे वाक्य कशाच्या वेळी म्हणतात ते मला ठाऊक आहे.

भाची दाराबाहेरच्या ओट्यावर आडवी होती. अंगावर सलूनची पट्ट्यापट्ट्यांची चादर, तिच्यावर दुसऱ्याच कुणाचे काळे केस. चेहरा लालबुंद, ओठ सुजल्यासारखे. सलूनवाला तिचं डोकं धरून बसलेला, त्याच्या हातातून रक्त येत होतं. शटर ओढायच्या लोखंडी सळईनं त्यानं बोळातून तावदान फोडलं होतं. दार त्या अर्ध्या दाढीवाल्यानं लाथेनं मोडलं होतं.

आत्या खाली बसली. भाचीच्या नाकाशी हात नेला. तिच्या हाताला काही कळेना, हातच बधिर झाला होता. तिनं गाल नाकाशी नेला.

ऊन श्वास. बारीक, पण येत होता.

मग भाची कुशीवर वळली आणि भडभडून ओकली, आत्याच्या मांडीवरच. एवढ्या वर्षांत आत्याच्या अंगावर इतकं छान काही पडलं नव्हतं.

"पाणी," भाची पुटपुटली.

"आणा रे पाणी!"

"नाही... पाणी चालूच राहिलं का?"

अर्धी दाढीवाला हसला आणि हसता हसता भिंतीला टेकला. ठिपकी उंबऱ्यावरच उभी होती, जिथं सांगितलं तिथं, घसा बसलेला. हातात चित्राचा कागद तसाच.

दवाखान्यात भाचीला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर," आणि वाक्य तिथंच सोडलं. आत्यानं ते पुरं करायला सांगितलं नाही. ती बाहेर बाकावर बसली, तरी दर मिनिटाला उठून भाचीचा श्वास बघून येत होती. भाची वाचली हे कळलं होतं, पण भीती काही कळण्यावर चालत नाही.

आणि मग बाकावर बसल्या बसल्याच ती ताडकन उठली. टेलरबाई दचकली. "आता काय?"

"गेल्या थंडीत मी तावदान कुणाकुणाला सांगितलं?"

"सगळ्यांना."

"आणि गॅसचा गिझर?"

टेलरबाईनं गळ्यातला टेप मुठीत आवळला. "वरच्या अंगाच्या मास्तरांकडं आहे. आणि बेकरीवाल्याच्या सुनेकडं बहुतेक."

भाचीचा नवरा दवाखान्यात पोचला तसं त्याला खुर्चीवर बसवून आत्या निघाली. हातात पेचकस आणि हातोडी. दारोदार. "तुमची न्हाणी दाखवा." लोक हसले. "काय आत्या, थंडीत लावायला तूच, आता फोडायला तूच! आमच्या न्हाणीशी काय वैर आहे तुझं?" आत्या हसली नाही, त्यांच्या नजरेला नजरही दिली नाही. मास्तरांच्या घरी गिझर न्हाणीत होता आणि झरोक्यावर तावदान होतं, कडेनं छान सिलिकॉन मारलेलं. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"कोण आहे आत?"

"आमची ही. का?"

आत्यानं मास्तरांना बाजूला सारलं आणि दारावर हातोडीच हाणली. आतून मास्तरीणबाईंनी अशी शिवी दिली की मास्तर लाजले. आत्याच्या डोळ्यांत त्या शिवीनं पाणी आलं. "द्या, आणखी एक द्या," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "पण आधी बाहेर या."

बेकरीवाल्याच्या सुनेकडं गिझर बाहेर गॅलरीत निघाला. तरी आत्यानं तावदान काढूनच नेलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. भाचीचा गिझर साक्षीदारांच्या भिंतीवर टांगलेला आहे, चकचकीत, मधोमध. नवा माणूस आला की हमखास विचारतो, "आत्या, यात काय बिघडलं होतं?"

"काही नाही. यंत्र चांगलं आहे."

"मग इथं कशाला?"

आत्या त्याच्याकडं स्टूल सरकवते. घरात कोण, पाणी कसलं, जागा कशी, हे विचारून झालं तरी तिचे तळवे आता लगेच पुढं येत नाहीत. ती आणखी एक प्रश्न विचारते.

"याआधी मी तुला काय काय घ्यायला सांगितलंय, ते सगळं आठवून सांग."

लोक वैतागतात. एकेकाला अर्धा अर्धा तास लागतो. आणि चार वाजले की ती अर्ध्यातच हात वर करून त्यांना गप्प करते, फोन लावते. पलीकडून ठिपकी उचलते. तिला आता विचारावं लागत नाही.

"गाणं म्हणतेय," ती सांगते, आणि फोन न्हाणीच्या दाराशी धरते.