रानतुळशीचा वास

आरमोरीकडून गावी जाताना गाडीची काच खाली केली आणि रानतुळशीचा वास आत आला. उग्र, गोडसर, उन्हात तापलेला. डोळे आपोआप मिटले.

फ्रॉकमधली पोर होते मी. आत्यासोबत गाई घेऊन गावच्या कुरणात गेले होते. गवत माझ्या खांद्याला लागायचं. वारा आला की सगळं कुरण झोपेत कुशीवर वळावं तसं वळायचं, आणि गाईंच्या नुसत्या पाठी गवतावरून तरंगत जाताना दिसायच्या. त्या दिवशी मधेच एक अनोळखी झुडूप उभं होतं, बारीक जांभळ्या फुलांचं. मी त्याचं पान चुरगळलं.

आत्या धावत आली. "पाय नोको देऊ वं, तुळस हाय ते!" पदर सावरून तिनं हात जोडले. आमच्या कपिलीनं झुडपाला नाक लावलं, फुरफुरली आणि तोंड फिरवून पुढे गेली.

"जनावराले काय समजते!" आत्या हसली.

तुळस म्हणून गावात कुणीच ते उपटलं नाही. बी झडत राहिलं, झुडपं पसरत गेली, गवत मागे सरत गेलं. चरायला काही उरलं नाही, तशा गाईही एकेक करून विकल्या गेल्या.

आज कुरणापाशी गाडी थांबवली, तर आत्या गावातल्या बायांसोबत तीच झुडपं उपटत होती. म्हातारी झाली आहे आता.

"कपिलीले तवाच समजलं होतं वं," ती म्हणाली. मग पुढच्या झुडपाला हात जोडले आणि ते मुळासकट ओढून काढलं.