शिडी पोचली तिथपर्यंत

समजा, तुमच्या एका हातात लाल रंगाचा डबा आहे, दुसऱ्यात ब्रश, आणि तुम्ही शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे आहात. नदीचा पूर नुकताच ओसरलाय. भिंतीवरची चिखलाची ओळ तुमचा हात पोचतो त्याच्याही दोन हात वर आहे. खाली साहेब घड्याळ बघतायत. काय कराल?

नदीमापन खात्यातल्या मोजणीदाराने हात पोचला तिथे रेघ ओढली आणि खाली सुबक अक्षरात 'कमाल पूरपातळी' लिहिलं. लांब शिडी आली की रेघ वर सरकवू, असं म्हणून साहेबांनी शिडीसाठी अर्जही केला. चिखलाची ओळ पुढे चुन्याखाली गेली. एरवी हा माणूस इंचाच्या आठव्या भागाचाही, म्हणजे सुताचा, हिशेब ठेवणारा. कचेरीत त्याला 'सूतभर' म्हणत. दोन हातांची चूक आयुष्यात एकदाच, तीही सरकारी शिडीच्या कृपेने.

पुढे चाळीस वर्षांनी लेक-जावई निवृत्त सूतभरांना गाडीत घालून नदीकाठाने थेट समुद्रापर्यंत फिरवायला निघाले. जावई प्रत्येक बुरुजापाशी फोनमधून इतिहास वाचून दाखवत होता, त्यामुळे इतिहास आणि वळण दोन्ही चुकत होतं.

जुन्या जकातघरापाशी गाडी थांबली. भिंतीवर त्यांचीच रेघ होती. नवा रंग, वर काच, भोवती साखळी. शेजारच्या दगडी फलकाने तिचं वय तीनशे वर्षं ठरवलं होतं. गाइड सांगत होता की, पाणी या रेघेच्या वर कधीच गेलेलं नाही, आणि लोक साखळीपाशी उभं राहून रेघेसकट फोटो काढत होते. जन्मभर सूतभरांच्या कामाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते नेमकं हे.

मग जावयाने समोरचं नवंकोरं घर दाखवलं. "बाबा, जोतं रेघेच्या चांगलं हातभर वर आहे. उद्या खरेदीच्या सह्या."

लेक म्हणाली, नदीकडची खोली बाबांची.

दोनातून एक गेला, उरला एक हात. म्हणजे पाणी थेट गादीला. सूतभरांचं गणित अजून पक्कं होतं.

"ही रेघ मी ओढलीय," ते म्हणाले.

जावयाने कौतुकाने फोटोसाठी फोन उचलला.

"आणि पाणी तिथे होतं." त्यांनी वरच्या खिडकीच्या माथ्याकडे बोट केलं. "शिडी पुरली नाही."

गाइडने समजावलं, आजोबा, फलक दगडी आहे, तो चुकेल कसा? जावयाचा फोन हळूच खिशात गेला. लेक रेघेकडून बाबांकडे वळली.

"बाबा, समास सूतभर वाकडा आला म्हणून तुम्ही मला फूटपट्टीने मारलं होतं."

सह्या बारगळल्या, गाडी परत फिरली, आणि या वेळी इतिहास कुणीच वाचला नाही. मागच्या सीटवर सूतभर मात्र एकाच प्रश्नात अडकले होते. तो लांब शिडीचा अर्ज आता कोणाच्या टेबलावर असेल?