तळहातावरचा कोंडा

"कोनं फुकलं, सांगा बरं?"

गुरुजी एका हाताने हँडल धरत, दुसऱ्या तळहातावर मूठभर धान आणि कोंडा घेत आणि शाळेच्या मैदानात सायकल दामटत. वारा अजिबात नसे. फेरी संपली की हात पुढे करत. दाणे जागेवर, कोंडा गायब.

बालाघाटच्या आमच्या मराठी शाळेत ते विज्ञान शिकवत, मी पहिलीचा वर्ग घेई. नागपूरचा भाचा त्यांना मासिकं आणून देई. त्यात त्यांनी वाचलं होतं, की आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांचे थवे असतात आणि थव्यातल्या मोकळ्या जागेतही विरळ, तापलेला वायू असतो. त्यातून एखादी दीर्घिका वेगाने गेली की तिचा स्वतःचा वायू मागे झडतो. तारे तेवढे राहतात.

"पन वायूच गेला, तं नवे तारे कायचे बनतीन?" गुरुजी माझ्यावर खेकसत, जणू तो वायू मीच उडवला. "जुने चमकत राह्यतेत. दुरून पाहनाऱ्याले वाटते, सारं ठीक हाय."

तुम्हीही चिडला असता. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे हिंदी मुलखातच राहिलो. कचेरी हिंदीत, नोकरी हिंदीत. माझी पहिली ओस पडत गेली.

एकदा शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. सातवीची मुलं धडाधड उत्तरं देत होती.

"स्कूल तो बढ़िया चल रहा है!"

"पहिलीत चला," गुरुजी म्हणाले.

माझ्या वर्गात दोन पोरी आणि गुंडाळून ठेवलेल्या बसायच्या टाटपट्ट्या. साहेब हसले. "बच्चे अपने मन से हिंदी में जाते हैं. किसी ने निकाला थोड़े ही है."

ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. गुरुजींनी त्यांना मैदानात नेऊन सायकलची फेरी मारली आणि तळहात त्यांच्या नाकापुढे धरला. "म्या तरी कुठी फुकला, साहेब?"

साहेब जीपमध्ये बसून पुढच्या शाळेसाठी बैहरला गेले. पुढच्या वर्षी पहिली बंद झाली. गुरुजींच्या मुलानेही आपल्या पोराला हिंदी शाळेतच घातलं. गुरुजी त्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "माह्याच घरचा गेला, बाई," एवढंच बोलले आणि चहा न घेता परतले.

ते वारले तेव्हा शोकसभा शाळेतच झाली. वकील, डॉक्टर झालेले जुने विद्यार्थी आले. "गुरुजींनी केवढे तारे घडवले!" त्यांतला एक म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पहिलीत चला," मी उठून म्हणाले.

"बाई, पहिली तं बंद झाली ना," गुरुजींचा मुलगा समजुतीने म्हणाला. "आमी थोडीच बंद केली?"

गुरुजींची सायकल व्हरांड्यात टेकवून ठेवली होती. मी ती ओढत आणली आणि त्याच्या हातात दिली.

"घरून मूठभर कोंडा आन," म्हटलं, "अन् एक चक्कर मारून ये."