मेस्त्रींचं रक्त आणि सोड्याची पुडी

दवाखान्यातल्या केसपेपरांना कपाट असतं, किश्श्यांना नसतं. ते आपले आपल्याबरोबर घरी येतात आणि राहतात. आम्ही जुने सहकारी कुठं जमलो की चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "अक्कांचा तो सोड्याचा...", आणि मग जेवायची वेळ टळून जाते.

अक्का म्हणजे आमच्या डॉक्टर. बंगलोरमधल्या एका कारखान्याचा दवाखाना त्या चालवत. पन्नासचं दशक सरत आलं होतं, आणि मी पुण्याहून तिथं लॅबमध्ये नोकरीला गेलो होतो. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या तिथलंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता कानडी 'सरी' म्हणजे 'बरं' आणि 'स्वल्प' म्हणजे 'थोडं' यायचंच. पहिल्या दिवशी मी "मॅडम" म्हणालो, तर म्हणाल्या, "मॅडम वर ऑफिसात मिळतील. इथं अक्का."

* * *

अक्का पेशंटची जीभ नंतर बघत, आधी डबा बघत. एक फिटर छातीत जळजळतंय म्हणून आला. डब्यात भाताइतकंच मिरचीचं लोणचं.

"स्वल्प खायचा सोडा घेऊ का, अक्का?"

"घे. एक चिमूट, पाण्यात, आजच्या दिवस. पोटातलं ॲसिड तेवढ्यापुरतं मरेल. पण रोज सोडा लागायला लागला तर माझ्याकडे ये, वाण्याकडे जाऊ नको."

तो जाताना लोणचं मात्र अक्कांनी ठेवून घेतलं. दुपारी आम्ही ते खाल्लं. फारच छान होतं!

* * *

खरी लढाई प्लेटिंग शॉपच्या मेस्त्रींशी झाली. हे शॉप म्हणजे सुट्या भागांवर मुलामा चढवायचं खातं. तिथल्या हौदात लिटमसची पट्टी बुडवायची, हौद फार आंबट झाला असला की सोडा टाकून ताळ्यावर आणायचा, हे मेस्त्रींनी आयुष्यभर केलेलं. त्यामुळे 'सगळे रोग रक्त ॲसिडिक झाल्यानं होतात' असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांना ते एका फटक्यात पटलं. शरीर म्हणजे तरी काय, एक हौदच की! रोज सकाळी दोन चमचे सोडा पाण्यातून, आणि मग लघवीत पट्टी. पट्टी निळी झाली की मेस्त्री खूश. हळूहळू अख्खं शॉप आपापल्या पट्ट्या एकमेकांना दाखवू लागलं.

एके दिवशी ते दोन पट्ट्या टाचणीनं कागदाला लावून घेऊन आले. "अक्का, ही सोड्याआधीची लाल, ही नंतरची निळी. रक्त फिरलं की नाही?"

अक्कांनी कागद नीट बघितला. "मेस्त्री, समजा तुमचा हौद जास्तीचा सोडा आपणहून मोरीत फेकून देतोय. मग पट्टी हौदात घालाल की मोरीत?"

मेस्त्रींनी कागदाची घडी करून खिशात घातली. मूत्रपिंडाचं काम मला एवढ्या थोडक्यात कुणी शिकवलं असतं, तर माझा परीक्षेतला एक नंबर तरी वर गेला असता.

* * *

सोडा मात्र चालूच राहिला. मग अक्कांनी स्वतः आठवडाभर रोज दोन चमचे घेतला. आधी आणि नंतर मी त्यांचं रक्त काढलं आणि ते मेडिकल कॉलेजात तपासून आणलं. लघवीची पट्टी निळी, रक्ताचा आकडा होता तिथंच. "श्वास आणि मूत्रपिंडं मिळून रक्त सांभाळतात," अक्का म्हणाल्या. "चमच्याला ती दाद देत नाहीत."

मेस्त्रींनी चष्मा लावून दोन्ही रिपोर्ट वाचले. "तुमचं रक्त शिस्तीचं आहे, अक्का. माझं प्लेटिंग शॉपचं."

झालं, त्यांचंही रक्त तपासायला गेलं. तेही ताळ्यावर निघालं.

"मग एवढा सोडा गेला कुठं?"

अक्कांनी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. "मिठात असतं तेच सोडियम सोड्यातही असतं. तुमचं हृदय दमलंय, त्यात हा रोजचा भार. म्हणून पाणी साठतंय."

 त्यातच मेस्त्रींची धाप बघून ऑफिसनं अक्कांना लेखी विचारलं होतं की हा माणूस कामाला लायक आहे, की वेळेआधी घरी पाठवायचा? उत्तराला दोन महिने होते. आणि शॉपमधून घरी बसवलेले मेस्त्री किती दिवस काढतील, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

मेस्त्रींनी खिशातून सोड्याची पुडी काढून टेबलावर ठेवली. "सरी. हौद तुमच्या ताब्यात."

सोडा बंद, मीठ जवळजवळ बंद, औषध चालू. दर आठवड्याला अक्का स्वतः शॉपमध्ये जाऊन त्यांचे पाय बघून यायच्या. मेस्त्रींना जिना चढायला लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता.

* * *

दोन महिने संपले. ऑफिसचा माणूस सकाळीच फॉर्म घेऊन येऊन बसला. सूज उतरली होती, ब्लड प्रेशर आदल्याच दिवशी बघून झालं होतं. प्रश्न उरला होता दमाचा, आणि आज मेस्त्रींना वर बोलावलं होतं.

आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. अक्कांच्या हुकुमाआधी वर येताना मेस्त्री जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबायचे, आणि त्यांची धाप आम्हाला आत ऐकू यायची.

"तपासायला किती वेळ लागेल?" ऑफिसच्या माणसानं विचारलं.

अक्कांनी हातानंच त्याला गप्प केलं. खालून बूट वाजले. पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा पायऱ्या, त्याच चालीनं. अक्कांनी फॉर्म पुढं ओढला.

मेस्त्री शर्टाची बटणं सोडत दारात आले. "कुठं झोपू, अक्का?"

अक्का पेनाला टोपण लावत होत्या. "बटणं लावा," त्या म्हणाल्या, "आणि शॉपमध्ये जा. उशीर होतोय."