बोललेला शब्द

कायद्याच्या कॉलेजात त्यांना सगळे फ्रेंचबाई म्हणत. तास संपले की तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत त्या वकिली शब्दांची कुळं उकलून दाखवायच्या. इंग्रजांच्या कोर्टात कित्येक शतकं फ्रेंच चाललं, म्हणून वकिलांच्या तोंडचे कितीतरी शब्द तिकडचे.

"मॉर्गेज म्हणजे मेलेलं तारण," त्या सांगायच्या. "फेडलंत तर सावकाराला मेलं, नाही फेडलंत तर तुम्हाला. कुणीतरी मरतंच!"

पोरं खदखदून हसायची.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ खालच्या मजल्यावर बायको-मुलीसह राहायचा, पण आईची कूस बदलणं, चादरी धुणं, चमच्याचमच्याने भरवणं बाईंच्याच गळ्यात. वडिलांच्या माघारी घरावर बहीणभावांची नावं होती. एके दिवशी भाऊ कागद घेऊन वर आला.

"ताई, दोन नावं असली की बँक कटकट करते. तू हक्क सोडल्याची सही दे. वरच्या दोन खोल्या, तू आहेस तोवर तुझ्याच."

"हे यात लिहिलंय?"

"आता सख्ख्या भावाकडूनही लिहून घेणार? शब्द देतोय ना!"

आईच्या तोंडाशी धरलेली औषधाची वाटी बाजूला ठेवून बाईंनी सही केली. न वाचता सही करू नका, असं पोरांना बजावणाऱ्या बाईंनी.

आई गेली. तिचं अंथरूण आवरून होतंय तोच खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली. भावाचा वकील बाईंचाच जुना विद्यार्थी. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचा म्हणून त्यांनीच त्याचं नाव कौतुकाने 'पोपट' ठेवलं होतं.

पोपट कोर्टात उभा राहिला. "लेखी दस्तापुढे तोंडी वचन टिकत नाही, साहेब. अशा पुराव्याला पॅरोल म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ बोललेला शब्द. मला या बाईंनीच शिकवलंय."

हशा पिकला. न्यायाधीशांनीही ओठ आवळून हसू दाबलं. भाऊ तेवढा हसला नाही. तो मोबाइल बघत होता.

निकाल व्हायचा तोच झाला. बाहेर पोपट मागे मागे आला.

"बाई, राग नाही ना? अशिलाचं काम करावंच लागतं."

"राग कसला? विद्या देताना पात्र बघायचं असतं, ते माझ्याकडून राहिलं."

बाईंनी कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. खिडकी उघडली की समोर भिंत. शिकवणं चालूच होतं, पण आता शब्दाचा अर्थ सांगून त्या पुढे सरकायच्या; कोट्या बंद झाल्या.

पुढच्या वर्षी नव्या वर्गात पहिल्या बाकावर भाची दिसली. भावाने पाठवली असणार. फ्रेंच शिकवणारं दुसरं होतं कोण? पोर हुशार, आणि वागायलाही गोड. तिचा काय दोष, असं बाई मनाला समजावायच्या, आणि तरी प्रश्न विचारताना तिला वगळायच्या.

एकदा वर्ग सुटल्यावर ती दाराशी घोटाळली. "आत्या, एकदा घरी ये ना."

बाई फळा पुसत होत्या. "कुणाच्या?"

ती रडवेली होऊन निघून गेली. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी तिला परत बोलावलं नाही.