तरे सरांची घूस

कुणाचा शेंबडा रुमाल उचलावा, तशी तरे सर आमची चित्रं दोन बोटांच्या चिमटीत धरत. मग तोंड वाकडं करून म्हणत, "शी!" एरवी ते पुस्तकी मराठी बोलत, किळस आली की त्यांच्या कोन गावची बोली बाहेर पडे.

नववीत त्यांनी आम्हाला प्रकल्प दिला: एक प्राणी, साध्या बॉलपेननं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. "रबर हातात असला की माणूस नीट बघत न्हाय," ते म्हणत. पहिल्या दिवशी वर्गात मोर आणि हरणं गोळा झाली.

"हे हरीण कुठं बघितलंस रे? शेलार गावात?"

"कॅलेंडरवर, सर."

"मग कॅलेंडर काढायचं ना! शी!"

माझे बाबा राहनाळच्या गोदामात हमाल होते. तिथं पिंजऱ्यात एक घूस सापडली होती. मी तोंडाला ओढणी बांधून तिच्यासमोर बसले. कुजक्या धान्याचा आणि मुताचा तो वास घशात उतरत होता. कशीबशी काढली आणि पळाले.

सरांनी कागद लांब धरला. "ही घूस न्हाय, सशाची मावसबहीण हाय. गोंडस केलीस हिला! वास कुठं हाय?"

"सर, ओकारी येते तिथं."

"येऊ दे. पण बघ."

दुसऱ्यांदा मी बघितलं. चिकटून गुच्छ झालेले राठ केस, उघडी खवलेदार शेपटी, पिंजऱ्याची तार चावणारे पिवळे दात. शाईचा गोळा आला की फडक्याला पुसायचा आणि पुन्हा एकेक केस ओढायचा. त्या रात्री मला भात गिळवला नाही. सरांनी चित्र पाहिलं, मान फिरवली, पुन्हा पाहिलं. "घाण हाय," ते हळूच म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कुणाचंच केलं नव्हतं. मग म्हणाले, "खाली नाव लिही. ठसठशीत."

शाळेच्या चित्रप्रदर्शनाला संस्थेचे एक मोठे देणगीदार आले. त्यांची गोदामं होती आणि बोलणं हिंदी. माझ्या चित्रासमोर ते थबकले. वरचा प्राणी राहिला बाजूला, त्यांनी खालचा शब्द वाचला.

"घूस? ये किसके लिए लिखा है? कौन खाता है घूस?"

हिंदीत घूस म्हणजे लाच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि शेठजींचे कान लाल झाले. ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी सरांना तिथंच गाठलं.

"तरे, उंदीर लिहा खाली. विषय संपला."

"उंदीर असता तर उंदीरच लिहिला असता, साहेब."

"एका शब्दाचा प्रश्न आहे हो! शेठजी कमिटीवर आहेत. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय, विसरू नका."

"पोरगी नाक दाबून त्या पिंजऱ्यासमोर बसलीय. आता तिला सांगू, बघितलंस ते खोटं?"

मुख्याध्यापकांनी खिशातलं पेन माझ्यापुढं केलं. "बाळ, तू शहाणी आहेस. तूच लिही."

पेन मी घेतलंच नाही. मी म्हटलं, "सर, घूसच होती ती."

मुख्याध्यापकांनी चित्र ओढून काढलं. टाचण्यांपाशी कोपरे फाटले. तरे सर पुढं झाले, तो कागद त्यांच्या हातातून घेऊन माझ्याकडे दिला आणि मुख्याध्यापकांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्यांनी आमच्या चित्रांनाही कधी दाखवली नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा चित्रकलेला दुसरे सर होते.

बी.ए. झाल्यावर मी पेढे घेऊन कोनला गेले. सर रस्त्याकडेला ट्रकच्या मागे अक्षरं रंगवत होते. मी पाया पडले. माझ्यामुळे नोकरी गेली, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

"ती घूस कुठं हाय?"

"घरी, भिंतीवर. आई रोज म्हणते, काढ ती, जेवताना किळस येते."

सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"काढायची न्हाय," ते म्हणाले. "आईला सांग, तिकडं पाठ करून जेव."